सदतिसावी ओळ

माझ्या भाचीला तिच्या इस्पितळात कुणीही नावाने हाक मारत नाही. यादीबाई म्हणतात. त्यात अपमान काही नाही, कारण तिथे नाव कुणालाच नाही. डॉक्टर म्हणजे हाडवाले आणि पोटवाले. झाडणारी ती मावशी, परिचारिका त्या सगळ्या सिस्टर, आणि रोगी म्हणजे नुसता आकडा. "चौदाला ताप आहे." "बावीसला आज सोडायचंय." "नऊ सकाळपासून रडतोय." माणूस बरा होऊन कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तरी त्याला "सांभाळून जा हं, बावीस" म्हणून निरोप देणारी ही मंडळी. मी तिथे एकदा पित्ताशयाच्या खड्यांसाठी आठ दिवस होते. अकरा नंबर. घरी आल्यावरही दोन दिवस कुणी अकरा म्हटलं की मी वळून बघायची.

यादीबाई भांडारपाल होती. भांडार तळघरात. लिफ्ट तळमजल्यापर्यंतच यायची, पुढच्या नऊ पायऱ्या आपल्या पायांनी उतरायच्या. खाली लोखंडी घोड्यांवर हातमोजे, कापूस, सलाईनच्या बाटल्या, ब्लँकेटं. मधोमध छतावरून एक पाइप जायचा आणि तो गळायचा. त्याखाली बादली. सतरा वर्षांत पाइप दुरुस्त झाला नाही, बादली मात्र तीनदा बदलली. त्या सतरा वर्षांत तिच्याकडे एकही गोष्ट संपली नाही, आणि नेमकं तेच तिच्या मुळावर आलं. ज्या भांडारात काही कमी पडत नाही, तिथे साहेबांनी कशाला पाय ठेवायचा? अधीक्षक एकदाच खाली आले होते, तेही स्वच्छतागृह शोधत.

तिचा एक नियम होता. साठा पहिल्याच मोजणीत जुळला तर समजायचं, की मोजलाच नाही. मग ती पुन्हा मोजायची. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिच्यानंतर सहा वर्षांनी एकजण नोकरीला लागला. गळ्यात कायम टाय, म्हणून टायवाले. पहिले तीन महिने तो तिच्या हाताखाली होता. जखमेवर ठेवायचं गॉज कशाला म्हणतात हे त्याला तिने शिकवलं. पुढे त्याने कसलंसं प्रमाणपत्र मिळवलं, आणि आता तो चौथ्या मजल्यावर खिडकीजवळ बसायचा. भाची तळघरात बसून खोकायची. तिला चौथा मजला हवा होता, हे स्पष्टच सांगते. बायकांना बढती हवी असते असं म्हटलं की लोक अजून चेहरे करतात, म्हणून सांगते.

मग रस्त्यापलीकडे नवी इमारत उभी राहिली आणि सूचनाफलकावर कागद लागला. इस्पितळ हलवण्यासाठी समन्वयक हवा. प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आवश्यक. काम नीट पार पाडणाऱ्याला उपव्यवस्थापकाचं कायम पद, खोली चौथ्या मजल्यावर.

भाची तो कागद लिहून घेऊन माझ्याकडे आली. वय वर्षं चव्वेचाळीस.

"आत्या, करू का हा कोर्स?"

"विचारायला आलीस म्हणजे फॉर्म भरून आलीस."

"भरलाय."

"मग चहा पी आणि जा. अभ्यास कर."

दर शनिवारी, चार महिने. मोटार शिकवणाऱ्या एका शाळेच्या वर वर्ग भरायचा. बाकी विद्यार्थी पंचविशीचे. त्यांना ही त्यांच्या आईची कुणी मैत्रीण वाटायची. शिकवणारे सर फार हळू बोलायचे, त्यामुळे ती पहिल्या बाकावर बसायची. त्यांच्या दोन गोष्टी तिने मनावर घेतल्या. पहिली, प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहा. दोन नावं लिहिलीत तर काम कुणाचंच नाही, आणि खात्याचं नाव लिहिलंत तर ते हवेला दिलं असं समजा. दुसरी, व्यवस्थापकाने उठून स्वतः हात घालायचा नाही. काम वाटायचं आणि एका जागी बसून सगळ्याकडे बघायचं.

शिकलेलं आधी घरी करून पाहायचं, असं सरांनी सांगितलं होतं. तिने फ्रिजवर तक्ता चिकटवला. काम, कधी, कोणी, झालं का. झालं की हिरवा रंग. मी त्या दिवशी तिथेच होते. घरात नवरा, जो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो आणि दिवसाला वीसेक शब्द बोलतो, आणि सासू, जी उरलेले सगळे बोलते.

"हे काय डकवलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"तक्ता आहे, आई. कुणी कुठलं काम करायचं ते. तुम्ही यातल्या मुख्य हितसंबंधी."

"मी हितसंबंधी? मी सासू आहे."

"तेच ते, कोर्सच्या भाषेत."

"मग कोर्सच्या भाषेत तुझ्या सरांना कळव, की हितसंबंधीने दुधाचं पातेलं घासायला नकार दिला आहे."

नवऱ्याने चष्मा वर करून तक्ता वाचला. "माझं नाव दोनदाच आहे," तो म्हणाला. बिचाऱ्याचा तो आनंद टिकला नाही. पंधरा दिवसांत सासूबाईंना तक्त्याची गोडी लागली. चौथा रकाना भरायला हिरवा खडू त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतला आणि जिथे जिथे त्यांचं नाव होतं तिथे मुलाचं घातलं. "एका कामाला एकच नाव, तुझे सरच म्हणतात ना?" त्या म्हणाल्या. प्रकल्प व्यवस्थापन इतक्या लवकर आत्मसात केलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

भाची परीक्षेत पहिली आली. समन्वयकाच्या जागेसाठी अर्ज दोनच, तिचा आणि टायवाल्यांचा. अधीक्षकांना कुणाला दुखवायचं नव्हतं. कुणालाच न दुखवणाऱ्या माणसांमुळे जगाचं किती नुकसान होतं, हा वेगळा विषय आहे. त्यांनी कामाचे दोन भाग केले, सामान आणि माणसं. ज्याचा भाग वेळेत आणि बिनतक्रार होईल, त्याला पद. टायवाल्यांना आधी निवड करायला दिली. ते म्हणाले, "मी सामान घेतो. खुर्च्यांना नातेवाईक नसतात." हुशार माणूस.

भाचीच्या वाट्याला चौसष्ट रोगी आले. तीन महिन्यांसाठी तिने भांडाराचा ताबा लेखी हुकमाने आपल्या मदतनिसाकडे दिला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला वेगळं कण्हणारा हा माणूस. त्याला सगळे गुडघे म्हणतात. "गुडघे, कात्री आण." असं.

तक्ता दोनशे बारा ओळींचा झाला. लिफ्ट कोण धरणार, प्राणवायूचा सिलिंडर कोणत्या खाटेबरोबर कोण नेणार, रस्ता अडवायची परवानगी कोण आणणार, पाऊस आला तर ताडपत्री कुणाकडे. प्रत्येक ओळीपुढे एक खरं नाव. इस्पितळात खळबळच उडाली. लोकांना एकमेकांची आडनावं कळली. मावशीचं नाव वाचून हाडवाले म्हणाले, "ही कोण नवीन?" ती तेवीस वर्षं त्यांचं टेबल पुसत होती.

भाचीने तो तक्ता मला वाचायला दिला. मी दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि स्वतःवर खूश झाले. बारावी चूक मला दिसली नाही. सदतिसाव्या ओळीत काम होतं, 'खाटांवरचे जुने बिल्ले काढणे'. पुढे 'कोणी' या रकान्यात लिहिलं होतं, 'वॉर्ड'.

हे बिल्ल्यांचं प्रकरण समजून घ्या. जुन्या इमारतीत नंबर खाटेचा. पत्र्याचा बिल्ला तारेने खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला. नव्या इमारतीत नंबर जागेचा, भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेला. आणि तिथे रोगी आजाराप्रमाणे बसवायचे होते, हाडांचे लिफ्टजवळ, पोटाचे पलीकडे, म्हणजे जुन्या चौदाची जागा आता एकतीस. म्हणून खाट हलायच्या आधी तिचा बिल्ला निघायलाच हवा. तो काढणार कोण? वॉर्ड. वॉर्ड म्हणजे कोण? दोनशे अकरा ओळींत तिने माणसांची नावं घातली, आणि एका ओळीत सतरा वर्षांची सवय हातातून लिहून गेली.

रविवारी सकाळी सहाला खाटा निघाल्या. रस्ता बंद, दोन्ही बाजूंना बघे. चाकांच्या खाटांची रांग, बाटल्या हातात धरून शेजारून चालणाऱ्या सिस्टर. चौदा नंबरवर एक निवृत्त पोस्टमन होते, मांडीचं हाड मोडलेले. रस्त्याच्या मध्यावर ते ओरडले, "थांबा जरा! सतरा दिवसांनी आभाळ बघतोय." ढकलणारे खरंच थांबले. तक्त्यात त्यासाठी ओळ नव्हती.

भाची मात्र सरांच्या सांगण्याबरहुकूम नव्या इमारतीच्या खालच्या दालनात टेबलामागे बसून राहिली. समोर तक्ता, हातात फोन. बसवत नव्हतं, पाय आपोआप उठत होते. तिने खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता म्हणे. वर फोन जायचा, "वॉर्डची कामं झाली?" वरून जो कुणी उचलेल तो म्हणायचा, "झाली." की हिरवा रंग. दहा चाळीसला शेवटची ओळ हिरवी झाली. दोनशे बारापैकी दोनशे बारा, तेही वेळेच्या वीस मिनिटं आधी. अधीक्षकांनी येऊन तिच्याशी हात मिळवला. टायवाले समोरून जाताना म्हणाले, "अभिनंदन हं, आमची कपाटं अजून जिन्यात आहेत." चौथा मजला आता हाताच्या अंतरावर होता.

आणि मग तिच्या लक्षात आलं. पहिल्याच मोजणीत जुळलं होतं.

सरांचा नियम म्हणत होता, बस. भांडाराचा नियम म्हणत होता, ऊठ. ती उठली. लिफ्टची वाट न बघता जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली. दारातून तिला दिसलं ते असं. भिंतीवर निळ्या रंगात एकतीस, त्याखाली पोस्टमन, आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याचा बिल्ला, चौदा. पलीकडच्या टोकाला भिंतीवर चौदा, त्याखाली साखरेचा आजार असलेला एक जाडजूड आचारी, पायथ्याशी बिल्ला चाळीस. असं सगळ्या दालनात. प्रत्येक माणसाला दोन नंबर. औषधवाल्याने ट्रे लावले होते भिंतीच्या नंबरांप्रमाणे, आणि सिस्टर बघत होती जन्मभराच्या सवयीने पायथ्याकडे. चौदाचा ट्रे घेऊन ती पोस्टमनच्या दंडाला स्पिरिट लावत होती. ट्रेमध्ये आचाऱ्याचं इन्सुलिन.

"मला सुई कधीपासून?" पोस्टमन विचारत होते. "मला तर गोळ्या असतात."

"चौदाच ना तुम्ही?"

"चौदा तर मी आहेच. त्यात बदल नाही."

"मग झालं तर. हात सैल सोडा."

"सिस्टर, थांबा!" भाची दारातून ओरडली. "कुणीही कुणाला काहीही द्यायचं नाही! आहे तो ट्रे खाली ठेवा!"

पोटवाले डॉक्टर चिडले. "अहो यादीबाई, अकराची औषधं द्यायची वेळ टळून जाईल."

"अकरा म्हणजे कुठला अकरा, ते दाखवा मला," ती म्हणाली. डॉक्टरांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा पायथ्याकडे.

मग तिने जे केलं ते कुठल्याही कोर्सात नाही. गुडघ्यांना फोन करून जखमांवर लावायच्या चिकटपट्टीची चार भेंडोळी आणि जाड पेनं मागवली. प्रत्येक खाटेशी जाऊन, कागदपत्र हातात घेऊन, रोग्यालाच विचारायचं, "तुमचं पूर्ण नाव काय?" आणि ते चिकटपट्टीवर लिहून मनगटाला लावायचं. जो बेशुद्ध त्याच्या नातेवाइकाला विचारायचं. चौसष्ट माणसं. मावशी, दोन्ही डॉक्टर, सगळ्या सिस्टर, सगळ्यांना तिने पेन दिलं, आणि एकेका माणसाला नेमून आठ आठ खाटा. बिल्ले तिने स्वतः काढले. तारा गंजल्या होत्या, बोटं कापली.

आचाऱ्याने मनगटावरचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. "बरोबर आहे," तो म्हणाला, "एवढे दिवस मला वाटायचं, तुमच्याकडे नोंदच नाही." पोस्टमन मात्र चौदा सोडायला तयार नव्हते. शेवटी नावापुढे कंसात चौदा लिहून द्यावं लागलं.

पन्नास मिनिटं उशीर झाला. एकालाही इजा नाही. एकही चुकीची सुई नाही. आणि तक्ता लाल.

अहवाल लिहायचा होता. तिने तो माझ्याकडे बसून लिहिला, अर्धं पान. 'सदतिसाव्या ओळीत मी माणसाचं नाव लिहिलं नाही. चूक माझी. त्यामुळे उशीर झाला. पुढे प्रत्येक रोग्याच्या मनगटावर नाव असावं.' मी म्हटलं, यात स्वल्पविरामसुद्धा हलवायला नको. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी तो परत दिला.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"झालं ते लिहिलंय, साहेब."

"नेमणूक समिती हे वाचेल आणि तुम्हाला खाली पाठवेल. टायवाल्यांचा अहवाल बघा, चाळीस पानं. त्यांची सहा कपाटं हरवलीत, पण कुठेही दिसत नाहीत."

"कपाटं?"

"हरवलेली! अहवालात दिसत नाहीत. तुम्ही एवढा कोर्स केलात, भाषा शिकवली नाही का?"

ती माझ्याकडे आली, पडलेल्या चेहऱ्याने. मी उपदेश करणार होते. जन्मभर मुलांना सोपं लिहा म्हणून शिकवलेली बाई मी. पण तिचा तो खोकला ऐकला आणि म्हटलं, आण तो कागद इकडे. आम्ही दोघींनी मिळून बत्तीस पानं लिहिली. 'ओळखचिन्हांच्या दुहेरी व्यवस्थेतून संभवणारी विसंगती अंतिम टप्प्यात हेरून, बहुस्तरीय प्रत्यक्ष पडताळणीद्वारे तिचे निराकरण करण्यात आले.' हे वाक्य माझं आहे. लाज वाटते, आणि थोडा अभिमानही वाटतो. भाचीने एकच अट घातली. शेवटच्या पानावर शेवटचं वाक्य तिचंच राहील. सदतिसाव्या ओळीत मी नाव लिहिलं नाही, चूक माझी.

समितीने अहवालाची प्रशंसा केली. धोका ओळखण्याचा आदर्श नमुना, असं म्हणाले. त्यांच्यापैकी एकानेही शेवटचं पान उलटलं नव्हतं, हे मला कसं कळलं ते आता सांगते.

आठवड्याने गुडघे नव्या इमारतीचा जिना चढून भाचीच्या टेबलाशी आले. दुसऱ्या मजल्यापर्यंत, कण्हत. हातात पत्र. चेहरा पांढराफटक.

"ताई, मला उपव्यवस्थापक केलंय."

"काय?"

"चौथ्या मजल्यावर. ताई, मला नको हो. माझे गुडघे!"

तिने पत्र वाचलं. 'भांडारपाल यांस कळविण्यात येते की, त्यांची उपव्यवस्थापक या पदी नियुक्ती करण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. नाव नाही. शेवटचं पान कुणी वाचलं असतं, तर नाव घातलं असतं. आणि भांडारपाल तर लेखी हुकमाने, महिनाअखेरपर्यंत, गुडघे.

ती पत्र आणि गुडघ्यांना घेऊन कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाने ते बराच वेळ न्याहाळलं.

"चूक झालीय खरी," तो म्हणाला. "दुरुस्ती समितीच्या बैठकीत. बैठक दोन महिन्यांनी. तोवर नियमाप्रमाणे त्यांनाच वर बसावं लागेल."

"त्यांना जिना चढवत नाही."

"लिफ्ट आहे."

"हे पत्र टाइप कुणी केलं?"

"कार्यालयाने."

"कार्यालयाने म्हणजे कुणी?"

"म्हणजे... कार्यालयानेच की, यादीबाई. असं एकाचं नाव कसं सांगणार?"

आमच्या घराण्यात राग आला की आवाज चढतो. तिचा चढला नाही, उलट सरांसारखा अगदी हळू झाला, असं गुडघ्यांनी मला सांगितलं. तिने पर्समधून चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं, एक लांब तुकडा फाडला, आणि तो कारकुनाच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी चिकटवला. त्यावर लिहिलं, 'नियुक्तिपत्रात नाव घालणे. शुक्रवारपर्यंत. कोणी:' आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"लिहा."

"काय लिहू?"

"तुमचं नाव."

त्याने पट्टीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. पेन त्याने पट्टीला असं टेकवलं, जणू तो स्वतःच्याच शस्त्रक्रियेला संमती देतोय. पण लिहिलं.

नवं पत्र गुरुवारी आलं. तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि आडनावात एक चूक. ती मी दुरुस्त करून दिली.